अझोर्स द्वीपसमूह: एलजीबीटीक्यू प्रवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर डोंगर, ज्वालामुखीय सरोवरे आणि देवमासे पाहण्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर आणि क्वीअर प्रवाशांना, तसेच त्यांच्या जोडीदारांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांच्या अडचणी थोड्या वेगळ्या असतात, म्हणून त्यांचा विचार जिथल्या तिथे केला आहे.

अझोर्स कुठे आहे, आणि क्वीअर प्रवाशांनी त्याचा विचार का करावा?

अझोर्स हा पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे १,५०० किलोमीटरवर, भर समुद्रात, नऊ ज्वालामुखीय बेटे साधारण ६०० किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत. २०२१च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे २ लाख ३६ हजार असून तीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या साओ मिगेल बेटाचा आहे. मोठमोठी समुद्रकिनारी रिसॉर्ट्स येथे फारशी नाहीत. आहेत ती हिरवी कुरणे, ज्वालामुखींची विवरे, गरम पाण्याचे झरे, काळ्या खडकांचे किनारे आणि सतत बदलणारे आकाश.

क्वीअर प्रवाशांसाठी या बेटांचे महत्त्व दोन गोष्टी एकत्र येण्यात आहे. निसर्गासाठी नावाजलेल्या जगातील अनेक बेटांवर समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, आणि जिथे कायदा पाठीशी आहे अशी बरीचशी ‘गे-फ्रेंडली’ बेटे पार्टी आणि गर्दी यांसाठी ओळखली जातात. ज्यांना रात्रभर नाचायचे नाही, पण आपल्या जोडीदाराला ‘मित्र’ किंवा ‘बहीण’ म्हणून सांगण्याची वेळही येऊ द्यायची नाही, अशांच्या वाट्याला फार थोडी ठिकाणे येतात. अझोर्स त्यांपैकी एक आहे.

तेथील कायदा काय सांगतो?

पोर्तुगालचा राष्ट्रीय कायदा अझोर्समध्येही लागू होतो आणि या बाबतीत तो युरोपातील भक्कम कायद्यांपैकी एक आहे. समलिंगी संबंध १९८२च्या दंडसंहितेने गुन्ह्यांच्या यादीतून वगळले. विवाहाशिवाय एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांना २००१मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. २००४मध्ये संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात, ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही त्या कारणांत लैंगिक कलाचा स्पष्ट समावेश झाला. समलिंगी विवाहाचा कायदा ५ जून २०१० रोजी अमलात आला आणि दत्तक घेण्याचा समान हक्क २०१६मध्ये मिळाला. २०१८च्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय, स्वतःच्या निवेदनावर, कागदोपत्री नाव आणि लिंगनोंद बदलण्याचा मार्ग खुला केला. कुणाचा लैंगिक कल किंवा लिंगओळख ‘बदलण्यासाठी’ केले जाणारे तथाकथित उपचार २०२४पासून दंडनीय आहेत.

हा तपशील प्रवाशाच्या रोजच्या व्यवहारात क्वचितच पुढे येतो. तरीही तो माहीत असावा, कारण काही अनुचित घडलेच तर आपण उपकार मागत नसून हक्क मागत आहोत, ही जाणीव बोलण्याला बळ देते.

स्थानिक लोक समलिंगी जोडप्यांकडे कसे पाहतात? हातात हात घालून चालता येईल का?

होय, चालता येईल; मात्र कायद्यातील मोकळेपणा आणि गावातील मोकळेपणा या दोन गोष्टी सारख्याच वेगाने पुढे गेलेल्या नाहीत, हे आधी समजून घ्यावे. अझोर्सचा समाज कॅथलिक, कुटुंबवत्सल आणि स्वभावाने संकोची आहे. पवित्र आत्म्याच्या नावाने होणारे उत्सव गावोगाव चालतात, त्यांत सगळे गाव एकत्र जेवते, आणि ईस्टरनंतरच्या पाचव्या रविवारी पोंता देल्गादा या शहरात निघणाऱ्या सांतो क्रिस्तोच्या मिरवणुकीसाठी अमेरिका आणि कॅनडात स्थायिक झालेले बेटवासीही परत येतात. अशा समाजात आपुलकी चारचौघांत दाखवण्याची रीत भिन्नलिंगी जोडप्यांमध्येही बेताचीच असते.

पोंता देल्गादा, आंग्रा दो हेरोइस्मो आणि ओर्ता या शहरांत हात धरून चालणाऱ्या दोन पुरुषांकडे किंवा दोन स्त्रियांकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. आतल्या खेड्यात एखादी म्हातारी व्यक्ती क्षणभर टक लावून पाहील. पण अनोळखी माणसाकडे तेथे तसेही पाहिले जाते आणि ‘बों दिया’ असे अभिवादन केले की चेहरा सैल होतो. शत्रुत्व क्वचित भेटेल, कुतूहल अधूनमधून भेटेल आणि अलिप्त सौजन्य मात्र सर्वत्र भेटेल. या अलिप्ततेला नापसंती समजण्याची चूक बाहेरचे लोक सहज करतात.

तेथे गे बार, क्लब किंवा क्वीअर वस्ती आहे का?

लिस्बनमधील प्रिन्सिपे रेआल किंवा बाइरू आल्तू या भागांसारखे काहीही अझोर्समध्ये नाही. त्यासाठी जाता-येता लिस्बनमध्ये दोन दिवस ठेवणे उत्तम. जूनमध्ये तेथे प्राइडचा मोठा उत्सवही असतो. पोंता देल्गादामध्ये तरुण कलावंत आणि संगीतप्रेमी मंडळींचा एक मोकळा वर्ग आहे. वसंत ऋतूत साओ मिगेलवर होणाऱ्या ‘ट्रेमोर’ या संगीत महोत्सवाच्या काळात तो अधिक ठळकपणे दिसतो.

पहिल्या भेटीत कोणती बेटे निवडावीत?

नऊही बेटे एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरू नये. बेटांमधील विमाने छोटी असतात, धुके आणि वारा यांमुळे ती रद्द होतात, आणि घाईच्या आखणीत निम्मा वेळ विमानतळांवर जातो.

एका आठवड्यासाठी एकटे साओ मिगेल पुरेसे आहे. सेते सिदादेस येथील हिरवे आणि निळे अशी जोडसरोवरे, लागोआ दो फोगो हे विवरातील सरोवर, फुर्नासच्या वाफाळत्या जमिनीत तासन्‌तास पुरून शिजवलेले जेवण, आणि १८८३पासून चालत आलेला गोर्रेआनाचा चहाचा मळा हे सर्व एका गाडीने, एकाच मुक्कामावरून पाहता येते. ज्या जोडप्याला आपण कसे वागवले जाऊ याची धाकधूक आहे, त्याने येथूनच सुरुवात करावी. राहण्याचे पर्याय भरपूर आहेत आणि पर्यटकांची सवयही आहे.

दहा-बारा दिवस असतील तर फायाल, पिको आणि साओ जॉर्ज ही तीन जवळजवळची बेटे जोडावीत. फायालमधील ओर्ता आणि पिकोमधील मादालेना यांच्यातील फेरी सुमारे अर्ध्या तासाची आहे. फायालच्या पश्चिम टोकाला १९५७-५८च्या उद्रेकातून समुद्रात तयार झालेली कापेलिन्योसची राखाडी भूमी आहे. पिकोवर काळ्या दगडी बांधांच्या आडोशाने वाढवलेले द्राक्षमळे आहेत, ज्यांना २००४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

फ्लोरेस हे धबधब्यांचे बेट माझ्या मते सर्वांत सुंदर आहे. मात्र तेथे हवामानामुळे एखादा दिवस अडकून पडण्याची तयारी ठेवूनच जावे. शेजारच्या कोर्व्हो बेटाची लोकसंख्या चारशेच्याही आत आहे. तेथे आलेला प्रत्येक पाहुणा साऱ्या गावाला दिसतो. हे काहींना आवडते, काहींना नाही.

कोणत्या महिन्यांत जावे?

मे ते सप्टेंबर हा काळ सर्वसाधारणपणे सोयीचा आहे. उन्हाळ्यात तापमान २० ते २६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि हिवाळ्यातही ते फारसे खाली जात नाही, पण पाऊस आणि वारा वाढतो. समुद्राचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोहण्याजोगे उबदार होते. रस्त्यांच्या कडेचे हायड्रेंजियाचे निळे बांध जुलैच्या सुमारास भरात असतात. मोठे स्थलांतर करणारे देवमासे मात्र त्याआधी, वसंतात दिसतात. एकाच दिवसात ऊन, धुके, पाऊस आणि पुन्हा ऊन येथे नेहमीचे आहे. म्हणून एखाद्या ठिकाणासाठी एकच दिवस राखून ठेवू नये आणि निघण्यापूर्वी त्या ठिकाणचा थेट कॅमेरा इंटरनेटवर पाहावा.

आम्ही जोडपे आहोत, पण भारतात आमच्या नात्याला कायदेशीर मान्यता नाही. व्हिसासाठी अर्ज कसा करावा?

अझोर्ससाठी पोर्तुगालचा शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो आणि भारतातून तो व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांमार्फत मागता येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, आणि प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे भारतात राहणारी जोडपी व्हिसाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र अर्जदार ठरतात. प्रत्येकाने आपली बँकेची विवरणपत्रे, नोकरीचा किंवा व्यवसायाचा पुरावा आणि परत येण्याची कारणे स्वतंत्रपणे जोडावीत. एक जोडीदार दुसऱ्याचा खर्च करणार असेल, तर तसे पत्र आणि खर्च करणाऱ्याची आर्थिक कागदपत्रे दोन्ही अर्जांत असावीत. अर्जातील वैवाहिक स्थितीच्या रकान्यात कागदपत्रांनी सिद्ध होईल तेच लिहावे. ज्यांनी परदेशात कायदेशीर विवाह केला आहे, त्यांनी तेथील प्रमाणपत्र जोडावे. सोबतच्या पत्रात ‘आम्ही एकत्र प्रवास करत आहोत’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. नात्याचे स्पष्टीकरण देण्याची सक्ती नाही आणि दिले तर त्यात लपवण्यासारखेही काही नाही. हॉटेलची नोंदणी मात्र दोघांच्याही नावाने असावी. ती एकाच नावावर असली की दुसऱ्याच्या अर्जात मुक्कामाचा पुरावाच उरत नाही.

विमानाचा मार्ग निवडताना काही वेगळा विचार करावा का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण तो महत्त्वाचा आहे. भारतातून लिस्बनकडे जाणारे अनेक सोयीचे मार्ग आखाती देशांतील विमानतळांवरून जातात. कतार आणि संयुक्त अरब अमिरातींमध्ये समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा आहेत. विमानतळाच्या आतच राहून पुढचे विमान पकडणाऱ्या प्रवाशांना सहसा काहीही त्रास होत नाही. पण विमान चुकले किंवा रद्द झाले आणि रात्रभर शहरात राहावे लागले, तर तुम्ही त्या देशाच्या कायद्याखाली असता. अशा वेळी दोन स्वतंत्र पलंग मागणे आणि आपुलकीचे जाहीर प्रदर्शन टाळणे एवढी काळजी घ्यावी. तिकिटाच्या दरात फार फरक नसेल, तर फ्रँकफर्ट, पॅरिस, म्युनिक किंवा ॲमस्टरडॅममार्गे जाणे अधिक निश्चिंतपणाचे ठरते. विशेषतः ज्यांच्या दिसण्यात आणि पासपोर्टवरील लिंगनोंदीत फरक आहे अशा ट्रान्स प्रवाशांनी हा पर्याय गांभीर्याने पाहावा. लिस्बनहून पोंता देल्गादा पुढे दोन-अडीच तासांवर आहे.

ट्रान्सजेंडर आणि नॉन-बायनरी (स्त्री किंवा पुरुष या चौकटींत न बसणाऱ्या) प्रवाशांनी कोणती तयारी करावी?

तिकीट, व्हिसा आणि विमा या तिन्हींवर पासपोर्टवरील नाव आणि लिंग अक्षरशः जसेच्या तसे असावे. रोजच्या वापरातले नाव वेगळे असेल तरीही. पासपोर्टवर ट्रान्सजेंडर अशी नोंद असेल, तर विमानाचे तिकीट काढताना आणि व्हिसा अर्ज भरताना कोणता पर्याय निवडायचा हे त्या त्या कंपनीला आणि केंद्राला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर छापून सोबत ठेवावे. जुन्या छायाचित्रात आणि आताच्या चेहऱ्यात मोठा फरक असेल, तर पासपोर्टचे नूतनीकरण आधी करून घेणे हिताचे आहे.

हार्मोनची औषधे, सुया आणि जेल हातातील सामानात, मूळ वेष्टनात ठेवावीत. औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत असावे. लहान बेटांवर विशिष्ट औषध मिळेलच असे नाही, त्यामुळे पुरवठा आठवडाभर अधिकचा न्यावा.

गरम पाण्याच्या कुंडांवर कपडे बदलण्याच्या खोल्या बहुधा स्त्री-पुरुष अशा विभागलेल्या असतात. ज्यांना ते नकोसे वाटते त्यांनी पोहण्याचा पोशाख आतून घालून जावे, वर मोठा झगा किंवा टॉवेल घ्यावा; तेथे बरेच लोक असेच करतात, त्यामुळे ते वेगळे दिसत नाही. छाती घट्ट बांधणारा बाइंडर घालून चढाई किंवा डायव्हिंग करू नये. दमट हवेत आणि श्रमात श्वास कोंडतो, आणि पाण्याखाली तर धोका आणखी वाढतो.

एकच पलंग असलेली खोली मागताना अडचण येते का? शेतघरात राहावे की हॉटेलात?

पलंगावरून प्रश्न विचारला गेला, तर तो बहुतेक वेळा ‘तुमची नोंदणी बरोबर आहे ना’ एवढ्यापुरता असतो. दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची नावे पाहून कर्मचारी आपण होऊन दोन वेगळे पलंग लावून ठेवतात, असे मात्र घडू शकते. म्हणून नोंदणी करतानाच ‘आम्ही जोडपे आहोत, मोठा एकच पलंग हवा’ असे एका वाक्यात कळवावे. परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टचा तपशील नोंदवून घेणे पोर्तुगालमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. त्यात संशयास्पद काही नाही.

शेतघरे आणि जुन्या दगडी घरांत चालणारे मुक्काम हे अझोर्सचे खरे वैभव आहे, पण तेथे यजमान कुटुंब शेजारीच राहते. आधी पाठवलेल्या संदेशाला आलेले उत्तर वाचून पुष्कळ काही कळते. प्रश्नाला सरळ, ऊबदार उत्तर आले तर निर्धास्त जावे; उत्तर टाळाटाळीचे वाटले तर वाद न घालता दुसरे घर पाहावे. मला स्वतःला हॉटेलपेक्षा ही घरे अधिक आवडतात, कारण सकाळी अंगणातले चीज आणि अननसाचा जॅम पुढे करणारी यजमानीण तुमच्या जोडीदाराची तितक्याच आस्थेने विचारपूस करते, तेव्हा स्वीकार म्हणजे काय ते कोणत्याही इंद्रधनुषी झेंड्यापेक्षा स्पष्ट कळते.

देवमासे पाहण्याच्या सफरींविषयी काय माहीत असावे?

अझोर्सच्या पाण्यात देवमासे आणि डॉल्फिन यांच्या वीसहून अधिक प्रजातींची नोंद आहे. स्पर्म व्हेल वर्षभर दिसतो; निळा देवमासा, फिन व्हेल आणि सेई व्हेल हे मुख्यतः मार्च ते जून या काळात उत्तरेकडे जाताना येथून जातात. या बेटांवर १९८०च्या दशकापर्यंत देवमाशांची शिकार होत असे. कड्यांवरील छोट्या टेहळणी चौक्यांतून शिकारी नावांना खुणा केल्या जात. त्याच चौक्यांतून आज दुर्बीण लावून बसलेला माणूस सफरीच्या नावाड्याला देवमाशाची दिशा सांगतो. पिकोवरील लाजेस गावातील संग्रहालयात हा इतिहास प्रामाणिकपणे मांडला आहे. सफरीआधी ते पाहावे.

नियमानुसार नावेने देवमाशापासून किमान ५० मीटर अंतर राखायचे असते आणि देवमाशांसोबत पोहण्यास पर्यटकांना मनाई आहे. डॉल्फिनांसोबत पोहण्याची परवानगी काही अटींवर मिळते. ‘अगदी जवळ नेतो’ असे आश्वासन देणाऱ्या नावाड्याकडे जाऊ नये. बहुतेक सफरींत दहा-वीस अनोळखी लोक तीन तास एकत्र असतात, समुद्रशास्त्र शिकलेला मार्गदर्शक बोलत असतो आणि सगळ्यांचे डोळे पाण्यावर असतात. शेजारी बसलेले दोघे एकमेकांचे कोण, हा प्रश्न तेथे कुणालाच सुचत नाही.

निसर्गाच्या दृष्टीने प्रवाशांनी कोणती पथ्ये पाळावीत?

सर्वांत आधी, बूट धुऊन जावे आणि बेट बदलताना पुन्हा धुवावेत. अझोर्सचे मूळचे लॉरेल वन बाहेरून आलेल्या वनस्पतींनी गिळत आणले आहे. आपल्या सोनटक्क्याच्या कुळातली, हिमालयातून बागेसाठी नेलेली पिवळ्या फुलांची एक वनस्पती तेथे डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहे. ती डोळ्यांना सुंदर दिसते. पण तिच्याखाली मूळची झाडे रुजत नाहीत. साओ मिगेलच्या पूर्व भागातच आढळणारा ‘प्रिओलो’ हा छोटा पक्षी याच वनावर जगतो. एकेकाळी तो नष्ट होण्याच्या काठावर होता. मूळ वनाची पुन्हा लागवड केल्यामुळे तो सावरला आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात, तर कोरीज शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची पिल्ले पहिल्यांदा घरट्याबाहेर पडताना दिसतील. दिव्यांच्या झगमगाटाने भांबावून ती रस्त्यांवर पडतात. १९९५पासून दरवर्षी चालणाऱ्या ‘एसओएस कागार्रू’ या मोहिमेत स्थानिक लोक आणि शाळकरी मुले रात्री अशी पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यांत उचलून ठेवतात आणि सकाळी समुद्रावर सोडतात. पाहुण्यांनाही यात भाग घेता येतो. मोहिमेत गेलेले लोक सांगतात की बेटावरच्या माणसांशी मोकळे बोलणे त्या रात्री जितके झाले तितके एरवी झाले नाही.

अधिकृत पायवाटा खुणांनी दाखवलेल्या आहेत. दरड किंवा पावसामुळे बंद केलेल्या वाटेवर जाऊ नये. लागोआ दो फोगोच्या रस्त्यावर उन्हाळ्यात खासगी गाड्यांना मर्यादा असतात, तेव्हा ठरवून दिलेली बस घ्यावी.

पिको पर्वत चढणे आणि गरम झऱ्यांत उतरणे किती कठीण आहे?

पिको हे २,३५१ मीटर उंचीचे पोर्तुगालमधील सर्वोच्च शिखर आहे. चढाई सुमारे १,२०० मीटरवरील पर्वतगृहापासून सुरू होते. तेथे नाव नोंदवावे लागते, शुल्क भरावे लागते आणि सोबत एक स्थानदर्शक यंत्र दिले जाते. एका वेळी ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात. वाट लाव्हाच्या सैल दगडांची आहे आणि उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. नियमित चालण्याची सवय नसेल तर मार्गदर्शक घ्यावा.

झऱ्यांपैकी फुर्नासच्या तेरा नोस्त्रा उद्यानातील कुंड लोहयुक्त, तांबूस पाण्याचे आहे. त्यात फिकट रंगाचे कपडे कायमचे डागाळतात. पोंता दा फेरारिया येथे गरम झरा थेट समुद्रात मिसळतो. तेथे ओहोटीच्या सुमारास जावे आणि लाटा मोठ्या असतील तर उतरूच नये.

डेटिंग ॲप आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे यांबाबत काय काळजी घ्यावी?

छोट्या बेटावर गुपित राखणे कठीण असते. ॲपवर दिसणारी स्थानिक व्यक्ती कदाचित तुमच्या हॉटेलात काम करत असेल, आणि तिच्या घरी तिच्याविषयी माहीत नसेल. तुम्ही आठवड्याने निघून जाणार आहात, तिला तेथेच राहायचे आहे. म्हणून कुणाची ओळख, छायाचित्र किंवा बोलणे तिसऱ्या माणसापर्यंत जाऊ देऊ नये आणि रस्त्यात भेट झाली तर समोरच्याने ओळख दाखवल्याखेरीज आपणही दाखवू नये. क्वीअर प्रवाशांनी हे पथ्य सर्वांत कसोशीने पाळावे असे मला वाटते, कारण लपून राहण्याचे ओझे काय असते हे त्यांना ठाऊक असते.

पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घ्यावी, हा सर्वत्र लागू पडणारा नियम येथेही लागू आहे.

स्वतःच्या बाबतीतही निघण्यापूर्वी जोडीदाराशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी: कोणती छायाचित्रे कुठे टाकायची. दोघांच्या घरची परिस्थिती सारखी नसते, आणि सेते सिदादेसच्या काठावर आनंदाच्या भरात टाकलेले एक चित्र मागे एखाद्या घरात वादळ उठवू शकते.

आमच्यासोबत आमचे मूल आहे. कोणती कागदपत्रे लागतील?

भारतात समलिंगी जोडप्यातील एकच व्यक्ती मुलाची कायदेशीर पालक असते, असे बहुतेकदा होते. मुलाच्या शेंगेन व्हिसासाठी कायदेशीर पालकांची संमती लागते. त्यामुळे जन्मदाखला, एकल पालक म्हणून दत्तक घेतले असेल तर दत्तकाचा आदेश, आणि मूल काही काळ दुसऱ्या जोडीदाराबरोबर एकटे प्रवास करणार असेल तर नोटरीकडून प्रमाणित केलेले संमतीपत्र सोबत ठेवावे. इमिग्रेशनच्या रांगेत कायदेशीर पालकाने मुलासोबत पुढे राहावे.

आम्हाला तेथे लग्न करता येईल का?

पोर्तुगालमध्ये परदेशी नागरिकांनाही विवाह करता येतो, पण त्यांच्या देशातून विवाहाला अडथळा नसल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि भारतीय समलिंगी जोडप्यांची वाट तेथेच अडते. दोघांपैकी एकाकडे विवाहाला मान्यता देणाऱ्या देशाचे नागरिकत्व असेल, तर तेथील नागरी नोंदणी कार्यालयाला आधी लिहून विचारावे. असा विवाह झाला तरी भारतात त्याला मान्यता नाही. सरोवराकाठी चार माणसांच्या साक्षीने एकमेकांना वचन देण्यासाठी मात्र कोणत्याही प्रमाणपत्राची गरज पडत नाही.

आजारी पडल्यास काय करावे?

रुग्णालये पोंता देल्गादा, आंग्रा दो हेरोइस्मो आणि ओर्ता येथे आहेत. इतर बेटांवर आरोग्य केंद्रे असून गंभीर रुग्णाला विमानाने हलवतात. विम्यात अशा हलवणुकीचा खर्च असल्याची खात्री करावी. नात्याचा कागद नसल्यामुळे जोडीदाराला माहिती देण्यावरून प्रश्न येऊ नये म्हणून, दोघांनी एकमेकांना आणीबाणीतील संपर्क आणि वैद्यकीय निर्णयांसाठी अधिकृत व्यक्ती म्हणून नेमणारे सही केलेले इंग्रजी पत्र जवळ ठेवावे. एचआयव्हीची औषधे किंवा प्रेप (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घेतले जाणारे औषध) घेणाऱ्यांनी ती हातातील सामानात ठेवावीत आणि वेळेतील फरक लक्षात घेऊन डोसची नवी वेळ आधीच ठरवावी. भारताच्या तुलनेत अझोर्सचे घड्याळ उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा तास मागे असते.

शाकाहारी जेवण मिळते का?

शहरांत मिळते, खेड्यांत आधी सांगावे लागते. मासे आणि गोमांस हा तेथील मुख्य आहार आहे. चीज, पाव, रताळी, अननस आणि सूप यांवर दिवस सहज निघतात; पण सुपाच्या रश्श्यात मांस आहे का ते विचारून घ्यावे.

भेदभाव किंवा त्रास झाला तर कुठे जावे?

तातडीचा धोका असेल तर ११२ हा क्रमांक लावावा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सर्वांसाठी तो एकच आहे. शिवीगाळ, धमकी किंवा मारहाण झाली असेल, तर पोलीस तक्रार देताना घटनेचा हेतू, म्हणजे तुमच्या लैंगिक कलावरून किंवा लिंगओळखीवरून ती झाली असे वाटत असल्यास, तो स्पष्ट नोंदवायला सांगावा आणि तक्रारीची प्रत घ्यावी. १९९५मध्ये स्थापन झालेली ‘इल्गा पोर्तुगाल’ ही राष्ट्रीय संघटना भेदभाव आणि हिंसेला सामोरे गेलेल्या क्वीअर व्यक्तींना सल्ला आणि आधार देते. तिचा संपर्क निघण्यापूर्वीच फोनमध्ये जतन करावा.

हॉटेल, उपाहारगृह किंवा सफरीच्या कंपनीने वाईट वागणूक दिली, तर ‘लिव्रो द रेक्लामासोंइश’ मागावे. हे तक्रार पुस्तक ठेवणे आणि ग्राहकाने मागताच ते पुढे करणे पोर्तुगालमधील प्रत्येक व्यवसायाला कायद्याने बंधनकारक आहे. मालकाने नकार दिला तर पोलिसांना बोलावण्याचा हक्क ग्राहकाला असतो. तक्रार इंग्रजीत लिहिली तरी चालते, तिची एक प्रत तुमच्याकडे राहते आणि मूळ प्रत संबंधित देखरेख यंत्रणेकडे जाते. बेटे सोडून आल्यानंतर तक्रार करायची असेल, तर याच पुस्तकाची ऑनलाइन आवृत्तीही उपलब्ध आहे. घटनेची तारीख, वेळ आणि नोंदणीची पावती मात्र हाताशी हवी.